फहीमाची भिंत

शहातच्या आईची आधीची तीन पोरं गेली, म्हणून चौथ्याचं नाव तिने शहात ठेवलं. शहात म्हणजे भिकारी. असल्या नावाच्या पोराकडे मरण ढुंकूनही बघायचं नाही, असं बाईचं गणित होतं, आणि ते बरोबर निघालं. शहात अडुसष्टचा झाला तरी बाकी सगळं शाबूत होतं, फक्त गुडघे कामातून गेले होते. आणि काम असं, की शिडीवर चढल्याशिवाय पान हलत नाही.

कोम बलह गावातलं कुणी हजला गेलं की त्याच्या घराची दर्शनी भिंत रंगवायची, हे काम शहातचं. त्याआधी त्याच्या बापाचं. माणूस मक्केच्या वाटेला लागला की घरचे इकडे शहातला बोलावणं धाडतात. आधी चुना, त्यावर निळीचा हात, मग मधोमध काळाभोर काबा, एका अंगाला विमान, दुसऱ्या अंगाला मदिनेचा हिरवा घुमट, खाली पांढऱ्या कपड्यात दोन्ही हात पसरून बसलेला हाजी आणि वर मोठ्या अक्षरांत त्याचं नाव. परत येताना उसाच्या शेतापाशी गाडी वळली की लांबूनच त्याला आपली भिंत दिसली पाहिजे. कैरोत काय, भाजीवाला पिकल्या केसांच्या कुठल्याही बाईला हाज्जा, म्हणजे हज करून आलेली, म्हणून हाक मारतो. कोम बलहमध्ये भिंत रंगल्याशिवाय कुणी कुणाला हाज्जा म्हणत नाही.

आता यात आधी कळस मग पाया आहे हे कुणालाही कळेल. माणूस तिकडे पोचायच्या आत इकडे तो हाजी होऊन बसलेला. पण रीत म्हणजे रीत. शहातच्या बापाने कधी विचारलं नाही, शहातनेही नाही.

विचारलं ते त्याच्या मुलीने. सफा लक्सरच्या कला महाविद्यालयात शिकत होती, तीन वर्षं एकाच प्रबंधावर. विषय काय, तर चित्रं माणसांवर कशी सत्ता गाजवतात. गावातल्या बायकांनी हे ऐकलं तेव्हा गल्लीतली वहीबा म्हणाली होती, "बाई गं, माझ्यावर तर माझी सासू सत्ता गाजवते. चित्राला कुठे वेळ मिळतो?" सफा हसली, पण चिकाटीची पोर. सुट्टीत घरी आली की बापाच्या मागे फोन घेऊन भिंतीभिंतीने हिंडायची.

"बाबा, विमानाला पंख एकाच बाजूला?"

"दुसरा पलीकडे आहे. तुला दिसत नाही म्हणून तो नाही का?"

"आणि हाजी नेहमी विमानाएवढा मोठा का?"

"विमानाने हज केला का त्याने? मग?"

ती हे सगळं लिहून घ्यायची आणि शहातला त्या लिहिण्याचाही कंटाळा यायचा. खरं म्हणजे त्याला सगळ्याचाच कंटाळा आला होता. चाळीस वर्षं तोच काबा, तेच विमान. हल्ली निम्मी घरं छापील फलक लावायची, हाजीचा हसरा फोटो, मागे संगणकातला काबा, दोन तासांत काम खलास. ज्यांना तेही परवडत नव्हतं किंवा ज्यांच्या घरात कुणी म्हातारं हट्टाला पेटायचं, तेच शहातला बोलवायचे. त्या वर्षी असं एकच घर होतं, फहीमाचं.

फहीमा त्याची चुलत बहीण. सत्तर वर्षांची, नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली. मुलगा बदरी पिकअप गाडीतून ऊस आणि विटा वाहतो. आईला हजला पाठवायचं म्हणून बदरीने दोन वर्षं मान मोडून काम केलं होतं. ती गेली त्या दिवशी अर्धं गाव रस्त्यापर्यंत सोडायला गेलं होतं. जाताना ती शहातला म्हणाली, "भिंत नीट काढ हो. माझं नाक तेवढं जरा सरळ काढ, आयुष्यभर वाकडं घेऊन हिंडले."

शहातने नाक सरळ काढलं. गुडघे ठणकत होते, दर तासाला शिडीवरून उतरून भिंतीच्या सावलीत बसावं लागत होतं, तरी त्याने दहा दिवस मन लावून काम केलं. हाजी लोक अराफातच्या मैदानात उभे असतात त्या दिवशी दुपारी त्याने शेवटचं अक्षर लिहिलं. 'हाज्जा फहीमा. हज कबूल होवो, पाप माफ होवो.' सफाने पहिल्या चुन्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंतचे फोटो काढले. अशी अख्खी भिंत होताना टिपायला तिला पहिल्यांदाच मिळाली होती, आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण याच भिंतीवर लिहायचं असं तिने प्राध्यापकांना कळवूनही टाकलं.

ईदच्या चौथ्या दिवशी फहीमा आली. जरा लवकरच आली, पण मदिनेला न थांबता परतणारेही असतात, कुणी मनावर घेतलं नाही. उसापाशी गाडी वळली. बायकांनी जिभा वळवून किलकिलाट केला, पोरं गाडीमागे धावली. फहीमा उतरली आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं असं नंतर शहातला आठवलं. तोंड उघडलं होतं तिने. पण तेवढ्यात वहीबाने तिचा हात ओढून डोळ्यांना लावला आणि मग एकेक बाई पुढे येत गेली.

तीन दिवसांनी ऊन कलल्यावर फहीमा शहातच्या ओट्यावर येऊन बसली. तिच्या पदराखाली घरची फुगीर भाकरी होती. शहातने चहा ठेवला. सफा आत खाटेवर कागद पसरून बसली होती.

"शहात, माझी भिंत पुसून टाक."

"का गं? नाक नाही आवडलं?"

"नाक छान आहे. माझ्याहून छान आहे." तिने भाकरी ताटलीत ठेवली. "मी गेलेच नाही रे."

शहातला वाटलं उन्हाने हिचं डोकं फिरलं. मग तिने सांगितलं. ज्या दलालाकडून बदरीने कागद केले होते, ते हजचे नव्हतेच. नुसतं पाहुणा म्हणून जायचे होते. एकदा उतरलात की कोण विचारतंय, असं दलाल म्हणाला होता. जेद्दाच्या विमानतळावरच विचारलं. तिला आणि तिच्यासारख्या तेरा बायकांना एका खोलीत नेऊन बसवलं. अकरा दिवस. मक्का तिथून गाडीने तासाभरावर. अराफातच्या दिवशी दाराबाहेरचा पहारेकरी मोबाइलवर हजचं प्रक्षेपण बघत होता, तर या चौदाजणी दाराच्या फटीला डोळा लावून आळीपाळीने ते बघत होत्या. मग परतीच्या विमानात बसवलं.

"त्या मेल्या दलालाने बदरीच्या तोंडाला पानं पुसली," शहात म्हणाला. "पण तू आल्या आल्या का नाही बोललीस?"

"बोलणार होते. गाडीत ठरवलं होतं काय बोलायचं ते. आणि समोर तू मला एवढी मोठी करून बसवलेली. माझी वाचाच बसली." तिने पदर सारखा केला. "काल वहीबाने नातवाला आणलं. तापाने फणफणलेलं पोर. म्हणाली, हाज्जा, कपाळावर हात ठेव, दुआ कर. मी ठेवला रे हात. ठेवला! मी या खोट्यासकट मरणार का शहात? वर गेल्यावर काय सांगू, भिंतीवर लिहिलं होतं म्हणून?"

चाळीस वर्षांत शहातने एवढ्या भिंती रंगवल्या, पण भिंत कुणाच्या मानेवर अशी बसेल हे त्याच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. त्याला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, तिचा नव्हे, स्वतःच्या हाताचा.

"काबावर चुना मारायचा? हात झडेल माझा," तो म्हणाला. "तू आधी लोकांना सांग. सांगितलंस की संपलं. भिंत काय, बिचारी मुकी आहे."

दुसऱ्या दिवशी बदरी धावत आला. "मामा, आईला आवरा. गाव हसेल आमच्यावर. अडाण्यासारखे फसलो म्हणतील. झाकली मूठ आहे, राहू दे की झाकलेली."

"तिची मूठ आहे, बदरी."

"दोन वर्षं मी काय विटा खाल्ल्या का तिच्यासाठी?" बदरी ओरडला. पोरगा वाईट नव्हता. स्वतःच्या आईला फसवल्यासारखं त्याला झालं होतं आणि ते कुणापुढे कबूल करायची त्याची तयारी नव्हती.

फहीमाने ऐकलं नाही. भाकऱ्या भाजायला गल्लीतल्या बायका वहीबाच्या भट्टीपाशी जमतात, तिथे जाऊन तिने सरळ सांगितलं. आडपडदा नाही, रडणं नाही. मी मक्केला पोचले नाही, जेद्दाहून परत आले, मला हाज्जा म्हणू नका. मग वहीबा पीठ झटकत म्हणाली, "मा शा अल्लाह. बघा गं, याला म्हणतात हज लागणं. लोक काय काय मिरवतात आणि ही बघा, गेलेच नाही म्हणते."

"वहीबा, अगं खरंच नाही गेले मी!"

"दृष्ट लागू नये म्हणून म्हणतेय," दुसरी म्हणाली. "बरोबरच आहे, हल्ली कुणाची नजर कशी असते सांगता येत नाही."

"अगं मी तोंडाने सांगतेय ना!"

"तू काहीही सांगशील," वहीबा म्हणाली. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय ना भिंतीवर."

"भिंतीवर बघितलंस!"

"मग? मी काय मक्केला येऊन बघू?"

फहीमा तशीच उठून शहातकडे आली आणि घडलं ते सांगितलं. सफा आतून बाहेर आली, दारात बसली आणि कपाळावर हात मारून घेतला. "बाबा, तीन वर्षं मी हेच लिहायला धडपडतेय. वहीबाकाकूंनी एका वाक्यात सांगून टाकलं."

"तुझं लिहिणं घाल चुलीत," शहात म्हणाला. त्याला हसू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बदरी गाडी घेऊन गेल्यावर शहातने चुन्याची बादली कालवली. मनातल्या मनात देवाची माफी मागितली, आणि आधी तिचं नाव, मग पसरलेले हात, मग ते सरळ नाक, मग विमान, सगळं पुसलं. काबा शेवटी पुसला, डोळे मिटून. सफाने फोटो काढला नाही. तिच्या प्रकरणाचं काय होणार हे तिला कळत होतं, पण आत्याच्या चेहऱ्याकडे बघून तिची हिंमत झाली नाही.

दुपारपर्यंत गावभर झालं. संध्याकाळच्या नमाजनंतर मशिदीबाहेर लोक फहीमाला वाखाणत होते. चित्रंबित्रं सगळं थोतांड, असं मानणारे दोघेतिघे तर फारच खूश झाले. खरी हाज्जा असावी तर अशी, स्वतःचं चित्र पुसायला लावलं, म्हणाले. वहीबाच्या नातवाचा ताप फहीमाने हात ठेवला त्याच रात्री उतरला होता, तोही फहीमाच्या खात्यावर जमा झाला. कुणी दारात अंडी ठेवून गेलं, कुणी गूळ. म्हणजे पूर्वी नुसती हाज्जा होती, आता दीडपट हाज्जा झाली. खऱ्याची दुनिया नाही म्हणतात ते काय उगीच?

दोन दिवस फहीमा घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी तिने शहातला बोलावणं धाडलं. तो काठी टेकत गेला. ती कोऱ्या भिंतीसमोर पाय पसरून बसली होती.

"माझं तोंड यांना पटत नाही," ती म्हणाली. "यांना भिंत पटते. मग भिंतीलाच सांगू दे. ती खोली काढ."

"कुठली खोली?"

"जेद्दाची."

"फहीमा, मी खोली कधी काढली नाही. मला बापाने शिकवलं तेवढंच येतं."

"मी सांगते, तू काढ. घर नवऱ्याने माझ्या नावावर केलंय, भिंत माझी आहे. बदरीला मी बघून घेईन."

शहातला नाही म्हणायचं होतं. त्याच्या गुडघ्यांना आणखी एक भिंत झेपणार नव्हती. पण तिला लहानपणापासून ओळखत होता तो, आणि मघाशी येताना ती नुसती चुन्यावर बोट फिरवत बसलेली त्याने पाहिली होती. तो म्हणाला, "किती बायका?"

"चौदा. माझ्यासकट."

"दार कुठे?"

मग चार दिवस ती बोलत गेली आणि तो काढत गेला. दार डावीकडे. वर एक खिडकी, हात पोचणार नाही अशी. कोपऱ्यात नळ, थेंब थेंब गळणारा. त्याच्याखाली सोहाग शहरातली एक म्हातारी बसायची, तिला ओलाव्याने बरं वाटायचं. एक भिंतीकडे तोंड करून निजलेली, अकरा दिवसांत ती कुणाशी बोलली नाही. एक सारखी पिशवी उघडून नवे पांढरे कपडे घडी घालायची आणि परत ठेवायची. शहातला अशी माणसं काढायची सवय नव्हती. त्याची माणसं आजवर नुसती समोर बघत हात पसरून बसायची. कुणाची पाठ काढायची म्हणजे काय हे त्याला पहिल्यांदा कळलं, आणि तो तीनदा पुसून चौथ्यांदा काढत राहिला.

"मी कुठे बसू?" एकदा त्याने विचारलं, म्हणजे तुला कुठे बसवू असं त्याला म्हणायचं होतं.

"दाराच्या फटीपाशी. गुडघ्यावर. फटीतून मोबाइल दिसतोय, त्यात काबा. नखाएवढा काढ. तेवढाच दिसला होता."

त्याने नखाएवढाच काढला. नाक या वेळी होतं तसंच काढलं. आणि वर नावाच्या जागी काय लिहायचं ते तिने सांगितलं. 'फहीमा, अब्दुल नईमची मुलगी. जेद्दापर्यंत.'

चौथ्या दिवशी ऊन उतरल्यावर लोक जमले. एवढी माणसं आणि एवढी शांतता कोम बलहने लग्नात काय, मयतीलाही पाहिली नसेल. वहीबा पुढे आली. तिने भिंतीवरच्या बायका बोटाने मोजल्या. मग नळाच्या थेंबावर बोट ठेवलं, जणू ओला आहे का बघत होती.

"खायला काय देत होते गं तुम्हाला?" तिने मागे न वळता विचारलं.

"भात. कधी कधी ब्रेड."

"म्हणजे खरंच नाही गेलीस तू."

"नाही."

वहीबा वळली. "आणि माझ्या नातवाच्या कपाळावर हात ठेवलास तो?"

"तो नुसता माझा हात होता, वहीबा."

वहीबा निघून गेली. मग बाकीचेही गेले, कुणी मान हलवत, कुणी कुजबुजत. एक म्हातारा तेवढा जाता जाता म्हणाला, "हे बघून बरं झालं, माझा पोरगा त्याच दलालाकडे कागद करणार होता." बदरी विटांची गाडी घेऊन आला तेव्हा तिथे फक्त शहात, फहीमा आणि सफा उरले होते. तो गाडीतून उतरलाच नाही. गाडी चालू ठेवून त्याने भिंत बघितली, डोक्याचं फडकं तोंडावर ओढलं आणि तसाच गाडी वळवून गेला.

"फोटो काढ," फहीमा सफाला म्हणाली. "हाच काढ."

सफाने काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहात शिडी न्यायला आला. गल्ली रिकामी होती. तो दोरी सोडवत असताना वहीबा डोक्यावर पिठाचं टोपलं घेऊन आली. भिंतीकडे न बघता तिने दारातून हाक मारली, "बदरीच्या आई, भट्टी पेटवलीय. येतेस का?"

"येते," आतून आवाज आला.

वहीबा पुढे गेली. शहातला बरं वाटलं. सुटली बिचारी, असं त्याच्या मनात आलं. हेच तर हवं होतं तिला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी तिला हाज्जा म्हटलं नव्हतं. शिडी काखोटीला मारून तो निघाला, तर आतून रडण्याचा आवाज. जेद्दाहून आल्यापासून एकदाही न रडलेली बाई चुलीपाशी खाली बसून लहान पोरीसारखी रडत होती.

तो शिडी ठेवून उंबऱ्यात आला. "आता काय झालं? म्हणाली ना ती, बदरीची आई म्हणून."

"म्हणाली रे," फहीमाने पदराने तोंड दाबलं. "म्हणाली म्हणून तर. आता मी खरंच गेले नाही, शहात."

गुडघे धरत धरत शहात उंबऱ्यावर खाली बसला आणि ती रडायची थांबेपर्यंत तिथेच बसून राहिला.